रेडमाइनचा ‘रोडमॅप’ : नियोजन आणि स्थगिती

मुक्त स्रोत संगणकप्रणालींच्या क्षेत्रात दोष, सूचना व मागण्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनांना बहुधा कारकुनी महत्त्व दिले जाते. वस्तुतः प्रणालीच्या भवितव्याचे निर्णय याच नोंदींतून आकाराला येतात. म्हणूनच असे साधन स्वतःच्या भावी सुधारणांचे नियोजन कसे करते, हा प्रश्न चिकित्सेस पात्र ठरतो. जाँ-फिलिप लांग यांनी २००६ मध्ये रुबी ऑन रेल्सवर उभारलेले रेडमाइन या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण रेडमाइनच्या विकासाचा कारभार रेडमाइनमध्येच चालतो.

येथे प्रत्येक नोंदीला एक लक्ष्य आवृत्ती देता येते. ‘रोडमॅप’ या पानावर आगामी आवृत्तीच्या किती नोंदी बंद झाल्या, किती खुल्या आहेत आणि काम किती टक्के झाले, हे एका पट्टीने दर्शविले जाते. बंद नोंद पूर्ण धरायची, खुल्या नोंदीवर नमूद केलेली प्रगती मिळवायची आणि अंदाजित तासांनुसार भार द्यायचा, असा हा हिशेब आहे. हिशेब चोख आहे. गोम वेगळीच आहे. समजा, एका आवृत्तीत सारख्या भाराच्या वीस नोंदी आहेत. त्यांपैकी बारा बंद आहेत आणि उरलेल्या आठांना हातही लागलेला नाही. पट्टी ६० टक्के दाखवते. या आठांपैकी पाच नोंदी पुढील आवृत्तीत ढकलल्या, की तीच पट्टी ८० टक्क्यांवर जाते. एका ओळीचेही काम न होता प्रगती झाली! आवृत्ती ‘लॉक’ करण्याची सोय आहे खरी. परंतु ती नव्या नोंदींना आत येण्यापासून रोखते, जुन्यांना बाहेर जाण्यापासून नव्हे.

रेडमाइनच्या स्वतःच्या प्रकल्पात तर ‘पुढील मोठ्या आवृत्तीसाठी उमेदवार’ अशा अर्थाची एक लक्ष्य आवृत्तीच आहे. तिला दिनांक नाही. मागणी नाकारली असेही नाही आणि स्वीकारली असेही नाही, अशा अवस्थेचे हे अधिकृत नाव होय. मूळ रेडमाइनमध्ये मतदानाची सोय नसल्याने वापरकर्ते नोंदीखाली ‘+१’ लिहीत राहतात. द्विस्तरीय ओळखपडताळणीसारखी सुरक्षेची सोयही मूळ प्रणालीत २०२१ च्या ४.२ आवृत्तीतच आली.

याचा दोष विकसकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. स्वेच्छेने व फावल्या वेळात होणाऱ्या श्रमाला मुदतीचे बंधन घालता येत नाही, आणि दिनांक न देण्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे. प्रश्न विलंबाचा नसून तो दृष्टीआड होण्याचा आहे. २०११ मध्ये रेडमाइनच्या काही योगदानकर्त्यांनी वेगळे होऊन चिलीप्रोजेक्ट सुरू केला, तेव्हाही विकासाची गती आणि निर्णयाचे अधिकार काही मोजक्या हातांत असणे याविषयीची नाराजी त्यामागे होती. हा प्रकल्प पुढे थांबला. त्याच्याच शाखेतून ओपनप्रोजेक्ट वाढला. रेडमाइनही टिकून राहिले आणि २०२४ मध्ये त्याची ६.० आवृत्ती आली. म्हणजे फुटीने कोणाचा विजय सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. मात्र निर्णय कोण घेतो आणि कोणत्या कारणाने पुढे ढकलतो, हे सांगणारी जागा ‘रोडमॅप’च्या पानावर नाही, ही उणीव तशीच राहते.

विशेष म्हणजे ही माहिती प्रणालीजवळ असतेच. लक्ष्य आवृत्ती बदलली, की जुनी व नवी आवृत्ती, दिनांक आणि बदल करणाऱ्याचे नाव नोंदीच्या इतिहासात उमटते. भावी सुधारणांच्या यादीत नव्या सोयींची भर घालण्यापूर्वी हा इतिहास ‘रोडमॅप’वर आणणे अधिक निकडीचे आहे. बंद व खुल्या नोंदींच्या आकड्यांशेजारी ‘पुढे ढकललेल्या’ असा तिसरा आकडा हवा, आणि नोंद हलविताना कारणाची एक ओळ लिहिणे सक्तीचे हवे. वरील उदाहरणात मग ८० टक्क्यांच्या पट्टीखाली पाच हा आकडाही वाचावा लागेल.