ब्रिस्टलचे जॉर्जियन गृह : वास्तुसौंदर्य आणि मौन

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर असलेले ७ क्रमांकाचे घर हा जॉर्जियन नागरी वास्तुकलेचा एक उत्तम नमुना मानला जातो. साखरव्यापारी जॉन पिनी याच्यासाठी ते १७९० च्या सुमारास बांधण्यात आले. आराखड्याचे श्रेय विल्यम पेटी यास दिले जाते. १९३७ मध्ये हे घर शहरास देणगीदाखल मिळाले व पुढे त्याचे संग्रहालय झाले. आज ते संरक्षित वास्तू आहे.

घडीव दगडाचा दर्शनी भाग, खिडक्यांची प्रमाणबद्ध मांडणी व अलंकरणातील संयम ही या वास्तूची प्रमुख वैशिष्ट्ये होत. वास्तुसमीक्षेत या संयमाचा गौरव अभिरुचीचे लक्षण म्हणून होतो. तथापि हाच संयम संपत्तीचा उगम झाकण्याचेही कार्य करतो, याकडे दुर्लक्ष होते. पिनीचे वैभव कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरील उसाच्या मळ्यांतून, म्हणजेच गुलामांच्या श्रमांतून आले होते. १७६५ मध्ये त्याने पेरो नावाच्या बारा वर्षांच्या मुलास दोन बहिणींसह विकत घेतले. १७८३ मध्ये पिनी कुटुंबासमवेत इंग्लंडमध्ये आलेला पेरो १७९८ मध्ये मरण पावला, तोवर त्याला मुक्ती मिळाली नव्हती. याउलट नेव्हिसवर गुलामीत जन्मलेली फॅनी कोकर १७७८ मध्येच मुक्त झाली होती व पिनीच्या पत्नीची दासी म्हणून राहिली.

घराची अंतर्रचनाही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. वरच्या मजल्यांवर अभ्यासिका, भोजनकक्ष व दिवाणखाने. तळघरात स्वयंपाकघर आणि त्याच तळघरात मालकासाठी थंड पाण्याचे स्नानकुंड. मालकाचे सुख व सेवकांचे कष्ट येथे एकाच पातळीवर येतात. वरच्या दालनांत मात्र त्या कष्टांची खूण उरत नाही.

पेरोविषयी जे ज्ञात आहे ते प्रामुख्याने पिनीच्या हिशेबवह्या व पत्रव्यवहारातून. म्हणजे त्याचा इतिहासही मालकाच्याच लेखणीतून उतरला आहे. १९९९ मध्ये ब्रिस्टल बंदरातील एका पादचारी पुलास पेरोचे नाव देण्यात आले. संग्रहालयातही त्याच्या जीवनाची माहिती दिली जाते. परंतु अशी माहिती पूरक ठरवून वास्तूचे सौंदर्य स्वतंत्रपणे आस्वादणे पुरेसे नाही. ज्या श्रमांनी दगड, फर्निचर व फुरसत विकत घेतली, ते श्रम वास्तूच्या शैलीचाच भाग आहेत. वारसा-संरक्षणाचा खरा कस भिंती टिकविण्याइतकाच त्यांचे मौन वाचण्यात आहे.