‘ध’चा ‘मा’ आणि प्लेगचा जंतु

शास्त्रीय विषयांवर मराठींत लिहिणारे आमचे लेखक जंतूचें नांव निघालें कीं रणशिंग फुंकतात: शरीर हा किल्ला, जंतूंची त्यावर स्वारी, श्वेतपेशींची फौज. १८९६ सालीं मुंबईस व पुढल्या वर्षीं पुण्यास ज्या प्लेगनें हाहाकार उडविला, त्याच्या जंतूला हें रूपक मुळींच शोभत नाहीं. तो तट फोडीत बसत नाहीं; सुईसारख्या नळीनें आपलीं प्रथिनें रक्षक पेशीच्या पोटांत सोडतो. पेशीच्या आंत धोक्याची वर्दी एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाते ती फॉस्फेटचें मोर्तब होऊन. जंतूचें ‘यॉपजे’ नेमक्या त्याच जागीं ॲसिटिल डकवून ठेवतें (हें उमगलें २००६ सालीं). मोर्तबाला जागा उरत नाहीं, वर्दी वाटेंतच अडते. ‘यॉपएच’ तर अन्यत्र झालेलें मोर्तबच पुसून टाकतें, आणि पेशीला जंतु गिळणें कठीण होतें.

किल्ल्याच्या रूपकांत हा घात दिसतच नाहीं. पहारेकरी दुबळे होते, एवढाच वाचकाचा ग्रह होतो. वस्तुतः ते धडधाकट असतात, पण त्यांना हुकूमच पोंचलेला नसतो. आनंदीबाईनें ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका इतिहास म्हणून टिको न टिको, येथें ती अधिक जवळची. तींतही उणें आहेच: तेथें हुकूम फिरला, येथें तो दडपला जातो.