वर्तनवादाला चूक कोणी ठरवलं?

वर्तनवादाचे गुण-दोष लिहा, हा प्रश्न मानसशास्त्राच्या पेपरात आला की उत्तर ठरलेलं असतं. गुण: वस्तुनिष्ठ, मोजता येणारा. दोष: मनाकडे दुर्लक्ष. मग १९५९ साली चॉम्स्कीने स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची चिरफाड केली आणि वर्तनवाद संपला. परीक्षण जबरदस्त आहे, वादच नाही. पण चॉम्स्की भाषाशास्त्रज्ञ, म्हणजे बाहेरचा माणूस. माझ्या मते वर्तनवादाला जास्त खोल हादरे घरातूनच बसले, आणि ते बसू शकले हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे स्किनरचे विद्यार्थी. विद्यापीठ सोडून त्यांनी जाहिराती आणि करमणुकीच्या खेळांसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी एका रॅकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. टाकलं की खाऊ. एका नाण्यापर्यंत कसंबसं जमलं. दोन नाणी दिली, तर हा पठ्ठ्या ती डब्यात टाकायचं सोडून मिनिटामागून मिनिटं एकमेकांवर घासत बसायचा! निसर्गात रॅकून खाण्याची वस्तू जशी हाताळतो, तसं. सिद्धांताप्रमाणे ज्या कृतीला बक्षीस नाही ती कमी व्हायला हवी. इथे बक्षीस लांबत होतं आणि घासणं वाढत होतं. १९६१ साली त्यांनी हे सगळं छापलं आणि स्किनरच्या १९३८ च्या ग्रंथाचं नाव उलटं करून लेखाला दिलं. स्किनरने 'प्राण्यांचं वर्तन' लिहिलं, यांनी 'प्राण्यांचं गैरवर्तन'.

दुसरा धक्का जॉन गार्सियाचा. १९६६ च्या प्रयोगात उंदीर गोड पाणी प्यायला लागले की दिवा लागायचा आणि टिकटिक व्हायची. नंतर काहींना विजेचा झटका, काहींना पोट बिघडवणारा उपाय. कुठलाही उद्दीपक कुठल्याही परिणामाशी सारखाच जोडता येतो, असं तोवर गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात आजारी पडलेल्या उंदरांनी गोड चव टाळली, झटका बसलेल्यांनी प्रकाश आणि आवाज. उलटी जोडी जमेचना. म्हणजे शिकणारा प्राणी कोरी पाटी नव्हे.

या दोन्ही ठिकाणी मोजमाप वर्तनवाद्यांचंच होतं. त्याआधीच्या अंतर्निरीक्षणाच्या पद्धतीत ही सोय नव्हती. प्रतिमेशिवाय विचार होतो का, यावर वुर्झबर्गचे संशोधक एक सांगत, कॉर्नेलचा टिचनर दुसरं. दोघंही आपापल्या मनात डोकावून बोलणार, तर निवाडा कोण करणार?

उपयोगाचं म्हणाल तर १९२४ साली मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या मुलाला खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. आजची भयगंडावरची एक्स्पोजर थेरपी याच वाटेवरची, आणि ती खरंच काम करते.

मग घोडं अडतं कुठे? 'मनाकडे दुर्लक्ष' हे उत्तर फारच गुळमुळीत आहे. भयगंडाचा रुग्ण स्वतः येऊन म्हणतो, ही भीती नको. ऑटिझम असलेलं तीन वर्षांचं मूल असं काही म्हणत नाही. कोणतं वर्तन घालवायचं ते मोठी माणसं ठरवतात. लोवासने १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला ४० तास असं प्रशिक्षण दिलं; १९ पैकी ९ मुलं सामान्य मुलांसारखी वागू लागली, असा त्याचा दावा. मुलांची गटवाटणी यादृच्छिक नव्हती, ही मोठी त्रुटी. पण मला जास्त बोचतं ते यशाचं माप: मूल इतरांसारखं दिसतंय का. याच लोवासने १९६० च्या दशकात मुलांवर विजेचे झटकेही वापरले होते. डोळ्यांत बघ, हात हलवू नको, अशा प्रशिक्षणातून गेलेले अनेक प्रौढ आज सांगतात की हात हलवल्याने आपण शांत होत होतो. आलेखावर मात्र हात हलणं कमी झालेलं दिसतं, म्हणजे यश.

यावर वर्तनवाद्यांकडे उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. १९८२ साली ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबाबत आधी हे तपासायची पद्धत मांडली, की या कृतीतून मुलाला मिळतं काय? लक्ष मिळतं, की नकोशा कामातून सुटका? की बाहेरून काहीच मिळत नसताना कृती चालूच राहते? या शेवटच्या प्रकाराला 'स्वयंचलित प्रबलन' म्हणतात. हात हलवणारी बरीच मुलं याच रकान्यात जातात. आत नेमकं काय घडतंय, त्यावर तो शब्द काहीच सांगत नाही. तरीही उपचार ठरवताना बहुतेकदा तेवढ्यावरच पुढे जातात.