शेलाटी पोफळ

उंच, बारीक झाडासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, सरळसोट. पण श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या एखाद्या वाडीत उभं राहून वर पाहावं, तर यातला एकही पुरत नाही. तिथे 'शेलाटी'च हवी.

किडकिडीत ही तर तक्रारच. सावलीत अडकलेलं रोप उजेडासाठी वर ताणलं जातं, पेरं लांबतात, पानं फिकी पडतात, ते किडकिडीत. शिडशिडीत त्याहून बरा, पण त्यात नुसतं माप. सडपातळ लग्नाच्या जाहिरातींनी पार गुळगुळीत करून टाकला. शेलाटीत मापाबरोबर डौल येतो आणि लवचिकपणाही. 'शे'वर जरा रेंगाळून आवाज 'लाटी'वर उतरतो. उच्चारातच एक झोका आहे. (कुणाला हा माझ्या कानाचा भ्रम वाटेल. वाटो.)

पोफळीचा हा बांधा तिच्या वाढीच्या रीतीतून येतो. आंब्या-फणसाचं खोड वर्षागणिक जाड होत जातं, तशी सोय ताडकुळातल्या झाडांना नसते. म्हणून वीतभरही जाडी नसलेल्या खोडावर पोफळ ४०-५० फूट चढते. वाटेत फांदी नाही. गळलेल्या झावळांच्या खुणांची वलयं तेवढी, आणि शेंड्याला मोजक्या पानांचा झुबका. सुपारी उतरवायला चढलेला पाडेली वरच्या वर शेंडा झुलवतो, शेजारची पोफळ धरतो आणि तिच्यावर जातो. प्रत्येक झाडावरून खाली उतरून पुन्हा चढायचे कष्ट वाचतात. डौल बघणाऱ्याला दिसतो, कामाला येतं ते हे लवणं.

त्यालाही मर्यादा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वाड्याच्या वाड्या मोडून पडल्या. आडव्या पडलेल्या पोफळीला कुणी शेलाटी म्हणत नाही. ते विशेषण उभ्या झाडाचंच.

माडाला मात्र हा शब्द देऊ नये. उंची त्याचीही आहे, पण बुंधा फुगीर, खोड पुष्कळदा कललेलं, वर झावळ्यांचा ऐसपैस पसारा. लिहिणारे कधीकधी त्यालाही शेलाटा करून टाकतात. त्यांनी माड-पोफळी शेजारीशेजारी असलेल्या वाडीत एक चक्कर मारावी. कोकणात अशी वाडी शोधावी लागत नाही.