'वीरशैव' आणि 'लिंगायत' : एका अधिनियमातील दोन संज्ञांची चिकित्सा

राज्यसंस्था धर्माचे नियमन करते, ते प्रथमतः संज्ञांच्या द्वारे. समूहाचे नाव एकदा कायद्यात निश्चित झाले की विवाह, वारसा, शिक्षणसंस्था यांविषयीचे हक्क त्या नावामागोमाग येतात. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे 'परमरहस्य'कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस तेथे दिंड्या येतात. तेथे जमणाऱ्या समाजाला वीरशैव म्हणावे की लिंगायत, आणि त्याचा धर्म स्वतंत्र मानावा की नाही, हा वाद २०१७-१८ मध्ये तीव्र झाला. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक शासनाने स्वतंत्र धर्माची मान्यता देण्याची शिफारस केली. केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही. या वादात उभय पक्ष हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या दुसऱ्या कलमाचा आधार घेतात. तो आधार कितपत टिकतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या कलमाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात हिंदू धर्माच्या कोणत्याही रूपाचा वा विकासाचा अनुयायी येतो, आणि त्यात वीरशैव, लिंगायत, तसेच ब्राह्मो, प्रार्थना व आर्य समाज यांचे अनुयायी समाविष्ट केले आहेत. दुसऱ्या भागात बौद्ध, जैन व शीख येतात. तिसरा भाग निषेधात्मक आहे : जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही, तो सामान्यतः या कायद्याखाली येतो.

दोन्ही नावे स्वतंत्रपणे दिली आहेत, म्हणून समूह दोन आहेत, असे एक पक्ष म्हणतो. मूळ इंग्रजी पाठात प्रत्येक नावापूर्वी उपपद आहे, हे खरे. परंतु संशयाला जागा राहू नये म्हणून पर्यायवाचक शब्दही शेजारी शेजारी मांडणे ही विधिलेखनाची जुनी रीत आहे. 'जमीनजुमला' म्हटल्याने वस्तू दोन होत नाहीत. गणनेवरून भेद सिद्ध होत नाही, आणि अभेदही सिद्ध होत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की, नाव पहिल्या भागात असल्यामुळे प्रश्न निकालात निघाला. हाही अतिव्याप्त निष्कर्ष होय. 'विकास' हा शब्द ऐतिहासिक विधान करतो. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज आणि शतकानुशतकांची परंपरा असलेला हा समाज एकाच ओळीत ठेवून कायद्याने त्या विधानाचे प्रमाण दिलेले नाही. केवळ वर्गवारी केली आहे. शिवाय याच कलमाचा तिसरा पोटविभाग स्पष्ट सांगतो की, धर्माने हिंदू नसूनही ज्यांना हा अधिनियम लागू होतो, तेही त्यातील 'हिंदू' या शब्दात अंतर्भूत समजावेत. म्हणजे येथील 'हिंदू' ही धर्माची व्याख्या नसून कायद्याच्या व्याप्तीची पारिभाषिक खूण आहे. उद्या हे दोन शब्द पहिल्या भागातून दुसऱ्यात नेले, तरी कपिलधारच्या यात्रेकरूंचा विवाहविषयक कायदा तसूभरही बदलणार नाही.

मग वाद कशासाठी? तो अल्पसंख्याकत्वासाठी आहे. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियमानुसार केंद्र शासन ज्या समाजांची अधिसूचना काढते, तेच त्या कायद्यापुरते अल्पसंख्याक होत. जैन समाजाचे नाव त्या सूचीत २०१४ मध्ये आले. विवाहविषयक कायदा मात्र त्यांना पूर्वीचाच राहिला. दोन कायद्यांतील दोन प्रयोजने एकमेकांत मिसळल्यामुळेच चर्चा गढूळ झाली आहे.

ऑस्ट्रियातील उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९१२ च्या कायद्याने इस्लामला मान्यता दिली, ती 'हनफी विधीनुसार' या विशेषणासह. १९८७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ते विशेषण रद्द केले. पुढे अलेवी समाजाचा प्रश्न आला : तो इस्लामच्या आत की बाहेर? इस्लाम मानणाऱ्यांची एकच मान्यताप्राप्त संस्था असली पाहिजे, हा अर्थ न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केला. त्यानंतर स्वतःस इस्लामी म्हणविणारे अलेवी आणि तसे न म्हणविणारे अलेवी, या दोहोंचीही आपापल्या नावाने नोंद झाली. अर्थात अशा नोंदीसाठी किमान तीनशे सदस्यांची अट आहे. नाव तेथेही विनामूल्य मिळत नाही.

तात्पर्य, 'वीरशैव' व 'लिंगायत' यांचा संबंध ग्रंथांतून, शिलालेखांतून, मठांच्या कागदपत्रांतून आणि लोकांच्या बोलण्यातून ठरवावयाचा आहे. ते काम भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे. कायद्याने आपली संज्ञा कोणत्या प्रयोजनापुरती आहे एवढे नेमकेपणे सांगावे, आणि शाळेच्या दाखल्यावरील 'धर्म' या रकान्याला त्याहून अधिक अर्थ चिकटू देऊ नये.