वर्ष पुसून ठेवलेलं ‘पाडस’

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. महाशिवरात्रीची जत्रा उलगली की देवळाच्या आवारात शुकशुकाट असतो. तिथल्या सावलीत बसून राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’ पुन्हा वाचलं.

श्री. पु. भागवतांच्या जोडीने ‘सत्यकथा’ मासिक सांभाळणारे पटवर्धन २०१४ साली गेले. लिहिणाऱ्याला त्याच्या मजकुरातलं उणं-अधिक दाखवणं, हीच त्यांची शिकवणी. स्वतःच्या हातात परका मजकूर आला तेव्हा हा शिक्षक काय करतो, ते शीर्षकातच दिसतं.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या मूळ कादंबरीचं नाव ‘द इयरलिंग’, म्हणजे वर्षाचं झालेलं पिल्लू. त्यात वय मोजलेलं आहे. बालपण सरत आल्याची सूचना आहे. पटवर्धनांनी ते वर्षच पुसलं. पाडस म्हणजे हरणाचं पिल्लू खरं, पण आई पोटच्या पोरालाही पाडसच म्हणते. एका शब्दात कादंबरीतला मुलगा ज्योडीही आला आणि त्याने पाळलेलं हरणही. वयाची खूण गेली, हा तोटा मी मान्य करतो. पण बदल्यात शब्दात आई आली, आणि पुढे याच कादंबरीत पाडसावर पहिली गोळी आईच झाडते! नेम चुकतो, जनावर जखमी होतं, आणि शेवट करायचं ज्योडीवर येतं. मराठी वाचकाला हा प्रसंग जास्त बोचतो, तो या नावामुळे.

आईला क्रूर म्हणणं मात्र शहरातल्या वाचकाला सोपं. पाडस कोवळा मका पुन्हा पुन्हा फस्त करतं, बाप अंथरुणाला खिळलेला, वर्षाचं पोट त्या पिकावर. इकडे धानाच्या बांधीवर रात्र रात्र जागल करणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

हे देऊळ ज्याच्या नावाचं, त्या मार्कंडेयाचं आयुष्य कथेत सोळाच वर्षांचं होतं. त्याने महादेवाच्या पिंडीला मिठी मारली, यम परतला, आणि पोरगा कायमचा सोळाचा राहिला. ज्योडीला मिठी मारायला काहीच उरत नाही. उपाशी, भटकून परतताना तो झऱ्याकाठी थांबतो. वर्षापूर्वी तिथेच त्याने काटक्यांची पाणचक्की केली होती. तशीच पुन्हा करतो. चक्की फिरते. तो थोडा वेळ बघतो, मग मोडून टाकतो.