डिकसळचा पूल आणि इंजिनांच्या याद्या : एक परीक्षण

बंद पडलेले लोहमार्ग व जतन केलेलीं वाफेचीं इंजिनें हा विषय आपल्याकडे अद्याप हौशी मंडळींचाच समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकानें त्याकडे वळून पाहूं नये असा जणूं संकेतच आहे. हा संकेत मोडावा असें दोन इंग्रजी ग्रंथांच्या निमित्तानें वाटलें. पहिला ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’ या मालेचा तिसरा भाग (१९९४). त्यांत १८६३ ते १९४० या काळांतील अरुंद रुळांवरील इंजिनांचा हिशेब आहे. दुसरा सायमन डार्विल यांनीं संकलित केलेला व इंडस्ट्रियल रेल्वे सोसायटीनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला, भारत व दक्षिण आशिया येथील औद्योगिक लोहमार्गांविषयींचा ग्रंथ. अशा याद्यांचें मोल काय व मर्यादा कोणती, हें आपल्या पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागापुरतें तपासून पाहण्याचा विचार आहे.

या याद्यांची रीत मला आवडते. इंजिन घडविणारा कारखाना, त्यानें दिलेला अनुक्रमांक, घडणीचें साल, चाकांची मांडणी, रुळांतील अंतर आणि इंजिनाची अखेरची गति, इतकें टिपावयाचें. विशेषणांस तेथें जागा नाहीं. आपल्याकडील कित्येक घराण्यांच्या इतिहासांत जेवढीं विशेषणें असतात तेवढ्या तिथी असत्या तर केवढे श्रम वांचते! शिवाय यादीकारांपुढील अडचण थेट आपल्या पोथ्यांसारखीच आहे. जुन्या इंजिनाचा बॉयलर बदललेला, चाकें दुसऱ्याचीं, दांडे तिसऱ्याचे, आणि त्यांवर ठोकलेले अनुक्रमांकही निरनिराळे. मग मूळ इंजिन कोणतें म्हणावें? तीन प्रतींतून जुळविलेल्या पोथीविषयीं आपण हेंच विचारतों. येथें पाठभेद लोखंडांत वाचावे लागतात, एवढाच फरक.

दोष असा कीं, यादी इंजिनापाशीं सुरू होते व इंजिनापाशींच संपते. माथेरानचा दोन फुटी मार्ग १९०७ सालीं उघडला. त्यासाठीं ओरेनस्टाइन व कोप्पेल या जर्मन कारखान्याकडून आलेल्या चार इंजिनांपैकीं ७३८ क्रमांकाचें दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत गेलें, ७४० क्रमांकाचें इंग्लंडांत. इंजिनास अशी सद्गति लाभली कीं यादी कृतार्थ झाली. पण दौंड–बारामती मार्गाची कथा या रीतीनें सांगतां येईल काय? हा अडीच फुटी मार्ग १९१४ सालीं सुरू झाला. आज त्याच्या जागीं रुंद रुळांची गाडी धांवते. रुळांचें तेंच माप एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं बार्शीच्या मार्गास १८९७ सालीं घेतलें होतें. तेथें प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये या बेतानें लीड्सच्या किटसन कारखान्याकडून इंजिनें घडवून आणलीं. इंजिनांच्या अभ्यासकास हें सर्व मुखोद्गत असतें. परंतु बारामतीसारख्या अवर्षणाच्या मुलखांत रूळ नेण्याजोगा माल आला कोठून, याचें उत्तर इंजिनांत नाहीं, तें पाण्यांत आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, त्यामागून ऊंस आला, उसामागून गूळ, आणि गुळामागून रूळ. पुढें त्याच नीरेच्या पाण्यावर वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर १९३० नंतरच्या दशकांत साखरेचा कारखाना काढला व मळ्यांतून ऊंस वाहण्यास अरुंद रूळ टाकले. कालव्याच्या पाटास अनुक्रमांक नसतो, म्हणून तो यादींत येत नाहीं.

याच तालुक्यांतील डिकसळ येथें तर इंजिन नाहीं आणि रूळही नाहींत. उरला आहे तो केवळ पूल. म्हणून यादीकार तेथें थांबणार नाहीं. आपण थांबलें पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा पुणें ते डिकसळ हा ६४ मैलांचा टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजीं खुला झाला, आणि डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा २३ ऑक्टोबर १८५९ रोजीं. म्हणजे मधले दहा महिने भीमेच्या अलीकडचें हें लहानसें खेडें मुंबईहून निघणाऱ्या लोहमार्गाचें टोक होतें. सोलापूर–बार्शीकडील माल तोंवर बैलगाड्यांनीं येथें येऊन चढत असला पाहिजे, हें उघड आहे.

स्थानिक लिखाणांत पुलाचें साल कोठें कोठें १८५५ असें दिलेलें आढळतें. तें मला मान्य नाहीं. पूल १८५५ सालींच पुरा झाला असता, तर तीन वर्षांनीं आलेली गाडी अलीकडच्या तीरावर दहा महिने कां खोळंबावी? १८५५ हें फार तर काम आरंभिल्याचें साल असूं शकेल. पूर्ततेचें साल १८५९ धरणें प्राप्त आहे. एक शिलालेख नसतां केवळ दोन तारखांवरून इतकें ठरवितां येतें. मात्र आज दिसणारा दगड पहिल्या बांधणीचा किती व मागाहूनच्या दुरुस्तीचा किती, हें तारखांवरून ठरणार नाहीं. त्यास जागेवरच जावें लागेल.

उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयापायीं लोहमार्ग हलविला गेला, आणि जुना दगडी पूल गाडीरस्त्यास मिळाला. इंदापूर तालुक्यांतील डिकसळ आणि करमाळा तालुक्यांतील कोंढार चिंचोली यांची सोयरीक या पुलानें पुढें कित्येक वर्षें टिकविली. रेल्वेच्या कागदांतून तो उतरला, आणि पुरातन वास्तु म्हणावें तर त्यावर मूर्ति नाहीं कीं शिखर नाहीं. भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहण्यास माणसें लांबून येतात. पुलाकडे त्यांचें लक्ष जात असल्यास तें छायाचित्रांत पार्श्वभूमि म्हणूनच.

जीर्ण पुलावरून लोकांनीं जिवावर उदार होऊन जावें असें म्हणणारा मी नव्हे. नवा पूल अवश्य व्हावा. परंतु जुन्याचा एकही दगड हलविण्यापूर्वीं गाळ्यांची संख्या व रुंदी, खांबांची जाडी, दगडांचे सांधे, चुन्याचे नमुने आणि, असल्यास, पाथरवटांच्या खुणा यांची नोंद झाली पाहिजे. पळसदेवचें बुडालेलें देऊळ ज्या उन्हाळ्यांत पाण्याबाहेर येतें, त्या उन्हाळ्यांत या पुलाचे पायही उघडे पडण्याचा संभव अधिक. तेवढा अवधि साधून इंदापूर व करमाळा येथील शिक्षकांनीं विद्यार्थ्यांसह मापें घ्यावींत व तीं या त्रैमासिकाकडे पाठवावींत. फीत, वही आणि पाणसाळ, एवढें साहित्य पुरेसें आहे.